खारी तीनदा ‘नको’ म्हणाली होती: कुत्र्याची देहबोली आणि आपले लाड

माझ्या मोबाईलमध्ये भाऊबीजेच्या दुपारचे तीन फोटो आहेत. पहिल्यात माझी सहा वर्षांची भाची खारीच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसलीय आणि खारी मान वळवून भिंतीकडे बघतेय. दुसऱ्यात खारीची जीभ नाकावर आहे. तिसऱ्यात तोंड घट्ट मिटलेलं, कान मागे चिकटलेले आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय. तिन्ही फोटोंत भाची हसतेय. चौथा फोटो नाही, कारण तोवर मी मोबाईल टाकून धावलो होतो.

फोटो काढताना मी ताईला म्हणालो होतो, “बघ, किती शहाणी आहे, कोणालाही काही करत नाही!” भाचीच्या गालावर दाताचा ओरखडा उठला. तो खोल नव्हता, पण डॉक्टरांनी इंजेक्शनं सगळी दिली. आई म्हणाली, “मुकं जनावर ते, कधी उलटेल सांगता येतं का?” रात्री फोटो पुन्हा पाहिले तेव्हा कळलं की जनावर मुकं नव्हतंच. खारीने तीनदा सांगितलं होतं, मला वाचता येत नव्हतं.

मी पशुवैद्य नाही, ट्रेनर नाही. चिंचवडच्या वन बीएचकेमध्ये चार वर्षं एका गावठी कुत्रीबरोबर राहतोय. ती बांधकामाच्या साइटवर सापडली, रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. घरात पहिल्यांदाच कुत्रं आणलेल्यांनी माझ्यासारखी चूक करून शिकू नये म्हणून हे लिहितोय.

हाताशी काय ठेवाल

- मोबाईल, स्लो मोशनची सोय असलेला. कुत्र्याच्या बऱ्याच खुणा पापणी लवायच्या आत होऊन जातात.
- एक छोटी वही. कधी, कुठे, कोण समोर असताना काय केलं, एवढंच लिहायचं.
- नखाएवढे तुकडे केलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर. बिस्किटं नकोत, साखर असते.
- मानेला न काचणारा, छातीवरून जाणारा पट्टा.
- लसीकरणाचं पुस्तक आणि महापालिकेचा परवाना. दोन्हींचे फोटो मोबाईलमध्येही ठेवा. चावण्याची वेळ आली तर पहिला प्रश्न रेबीजच्या लशीचाच असतो.
- घरातला एक कोपरा, जिथे कुत्रं गेलं की कोणीही त्याच्या मागे जायचं नाही. आमच्याकडे तो पलंगाखाली आहे.

१. आठ दिवस नुसतं बघा

नवं कुत्रं आलं की घरातल्या प्रत्येकाला ते आपल्याच मांडीवर हवं असतं. जरा दम धरा. आधी त्याचं नेहमीचं रूप वहीत उतरवा. निवांत असताना शेपूट कुठे असतं, कान कसे असतात, तोंड उघडं की मिटलेलं, बसायची आवडती जागा कोणती.

व्हिडिओंमध्ये दाखवतात ते कुत्रं बहुतेक वेळा लॅब्रॅडॉर असतं. आपल्या गावठी कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचं शेपूट मुळातच पाठीवर वळलेलं असतं. नळीत घातलं तरी वाकडं, ही म्हण काही लॅब्रॅडॉर बघून झाली नसणार. लॅब्रॅडॉरचं शेपूट इतकं वर गेलं तर तो ताठा समजायचा. खारीचं मात्र रोज तिथेच असतं, आणि ते सुटून खाली आलं की तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. ल्हासाचे डोळे केसांत लपतात, स्पॅनियलचे कान मागे गेले तरी पटकन लक्षात येत नाही. म्हणून तुमच्या कुत्र्याचं नेहमीचं रूप ठाऊक नसेल तर पुढच्या सगळ्या खुणा निम्म्याच कळतील.

कुत्री दत्तक देणारी मंडळी ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा ठोकताळा सांगतात. तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची शिस्त उमगलेलं, तीन महिन्यांत रुळलेलं. हे गणित नव्हे, पण धीर धरायला बरं पडतं. खारी पहिले तीन दिवस पलंगाखालून हललीच नाही आणि आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो, ‘किती गरीब आहे!’ ती गरीब नव्हती, भीतीने थिजली होती.

२. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हे डोक्यातून काढा

शेपूट हलतंय याचा अर्थ आत काहीतरी उसळलंय, एवढाच. काय उसळलंय ते बाकीचं अंग सांगतं.

कंबरेपासून सगळं अंग डुलतंय, शेपूट सैल आहे: आनंद. शेपूट ताठ उभं, टोक तेवढं थरथरतंय आणि अंग लाकडासारखं: तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. शेपूट पोटाखाली घातलेलं आणि तरी हलतंय: भीती, गयावया.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. मालक दिसला की शेपटीचा झोल उजवीकडे जास्त जायचा, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. हे वाचून मी आठवडाभर खारीच्या मागे मोबाईल घेऊन फिरलो. वळलेल्या शेपटीत डावं-उजवं काही कळत नाही, सोसायटीतले लोक मात्र विचित्र नजरेने बघतात.

३. तोंड, डोळे, कान: बारीक खुणा इथे असतात

नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी अशा खुणांना ‘कामिंग सिग्नल’ हे नाव रूढ केलं. समोरच्याला आणि स्वतःलाही शांत करायला कुत्रं हे करतं. ओळखायला शिकाल तर याच आधी:

- मान किंवा नजर वळवणं. आपल्याला वाटतं दुर्लक्ष करतंय. ते म्हणत असतं, ‘मला भांडण नको, जरा लांब व्हा.’
- समोर खाणं नसताना जीभ झर्रकन नाकावर फिरवणं.
- झोप आलेली नसताना जांभई.
- डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. तोंड एकीकडे, नजर मात्र तुमच्या हातावर.
- पुढचा एक पाय अधांतरी उचलून धरणं.
- जमीन उगाच हुंगत बसणं, मध्येच अंग खाजवणं.
- उघडं, सैल तोंड अचानक मिटणं. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि आता सगळ्यात आधी दिसतं.

यातली कुठलीही एक खूण सुटी घेऊन अर्थ लावू नका. सकाळी उठल्यावरची जांभई ही जांभईच असते. मे महिन्यात दुपारी धापा टाकणारं कुत्रं उकाड्याने धापा टाकतं. तेच दवाखान्याच्या एसीत टाकत असेल आणि फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटत असतील तर ते घाबरलंय, कारण कुत्र्यांना घाम पंजांच्या गाद्यांना येतो. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, आणि त्याच वेळी समोर कोणी वाकलंय, पकडतंय, रोखून बघतंय, तर मात्र समजून घ्या.

चांगल्या खुणाही आहेत. पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं की ते खेळायचं आमंत्रण. अंघोळ झालेली नसताना अंग झाडलं की बहुधा नुकताच आलेला ताण उतरला. मी पट्टा बांधताना खारी मान वळवते, बांधून झाल्यावर अंग झाडते, मग दाराकडे पळते. तिला फिरायचं असतं, पण गळ्याशी हात आलेला आवडत नाही. पट्टा छातीवरचा घेतल्यावर मान वळवणं जवळजवळ थांबलं.

दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. एक, पोट. कुत्रं उताणं झालं की आपण पोट खाजवायला धावतो. अंग सैल, तोंड उघडं, वळवळतंय, तर खुशाल खाजवा. पण अंग आखडलेलं, शेपूट पायांत, नजर दुसरीकडे असेल तर ते ‘मला काही करू नका’ असं म्हणतंय. तिथे हात घालणं म्हणजे शरण आलेल्याला गुदगुल्या करणं.

दुसरं, ‘अपराधी चेहरा’. चप्पल फाडली आणि आता बघा कसं ओशाळलंय! न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर प्रयोग करून हे तपासलं. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्लाय असं काही मालकांना खोटंच सांगितलं. तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती आपल्या आवाजाची भीती असते. चप्पल कपाटात ठेवा.

४. गुरगुरलं म्हणून फटकावू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. खारी पहिल्या वर्षी जेवताना गुरगुरायची. शेजारच्या एका काकांनी सल्ला दिला, ‘एक लगाव नाकावर, परत नाही करणार.’ मी लगावली. त्यांचं खरं झालं, परत गुरगुरली नाही.

घडलं काय ते नंतर समजलं. कुत्रं पायरीपायरीने चढतं. आधी नजर वळवतं, मग जीभ, मग मान आणि अंग वळवून निघून जाऊ पाहतं. जागा नसेल तर थिजतं, मग गुरगुरतं, दात दाखवतं, हवेत चावा घेतं, आणि शेवटी खरा चावा. मी मधली गुरगुरण्याची पायरीच काढून टाकली होती. भाऊबीजेला ती थिजली आणि तिथून थेट दातावर आली. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ असं आपण म्हणतो. भुंकणारंही चावतं, पण जे अचानक गप्प होऊन एका जागी थिजतं त्याची मला जास्त धास्ती वाटते.

कुत्रं गुरगुरलं तर करायचं एवढंच: हात थांबवा, नजर खाली घ्या, तिरपं होऊन मागे सरका. नंतर वहीत लिहा, कशावरून गुरगुरलं. खाण्यावरून असेल तर खाताना जवळ जाऊ नका. कधी जवळून जायचंच झालं तर ताटलीत एक चिकनचा तुकडा टाकून पुढे चालत राहा. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला दिसलं पाहिजे. आम्हाला दोन महिने लागले. रोज हात लावू देणारं कुत्रं अचानक एकाच जागी हात लावू देईना झालं, तर स्वभाव बिघडला म्हणण्याआधी डॉक्टरकडे न्या. खारी एकदा उजव्या कानावरून सारखी वसवसायची. आत गोचीड होती.

आणि ताण साचतो. कुत्र्याला आपल्यापेक्षा दुप्पट उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. त्या भाऊबीजेआधी चार दिवस फटाके वाजत होते, घरात पाहुण्यांची वर्दळ होती, खारीची झोप झाली नव्हती, तिच्या पलंगाखाली बॅगा कोंबल्या होत्या. एरवी तिने भाचीची मिठी कदाचित सोसलीही असती.

५. आपली माया त्याच्यापर्यंत कशी पोहोचते

माणसाचं प्रेम हातांत असतं. आपण कवटाळतो, पापे घेतो, गाल ओढतो. कुत्र्याच्या जगात दुसऱ्याच्या अंगावर पाय टाकून धरून ठेवणं हा लाड नसतो. ते दामटणं असतं, किंवा रांगडा खेळ. शिवाय पळता येत नाही, आणि घाबरलेल्या कुत्र्याचा पहिला उपाय पळणं हाच असतो.

स्टॅनली कोरेन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये माणसं कुत्र्यांना मिठी मारतानाचे २५० फोटो तपासले. दहांतल्या आठ फोटोंत कुत्र्याच्या चेहऱ्यावर ताणाची एक तरी खूण होती. हा काटेकोर शोधनिबंध नव्हता, एका लेखासाठी केलेली पाहणी होती, आणि त्यावर टीकाही झाली. तरी तुमच्या मोबाईलमधले फोटो काढून बघा. मी ताईच्या लग्नापासूनचे सगळे अल्बम पाहिले. मामांच्या जुन्या मोत्याला कवटाळून काढलेला आमचा एकही फोटो असा नाही, ज्यात तो कॅमेऱ्याकडे बघतोय.

मग त्याला काय आवडतं? हात फिरवलेला आवडतो, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात गोंजारणारा माणूस आणि नुसतंच गोड बोलणारा माणूस यांत कुत्र्यांनी गोंजारणाऱ्याला निवडलं. कोरड्या कौतुकाची फारशी किंमत त्यांच्या लेखी नव्हती. आपल्याकडचं काम याहून रंजक आहे. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. २०१७ च्या त्यांच्या निबंधानुसार अनोळखी माणसाशी पुन्हा पुन्हा गाठ पडल्यावर विश्वास जोडायला खाऊच्या जादा तुकड्यापेक्षा अंगावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडला. उकिरड्यावर पोट भरणाऱ्या कुत्र्यांबद्दलची गोष्ट आहे ही.

नजरेचं प्रकरण नाजूक आहे. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघणं म्हणजे त्याला आव्हान देणं. पण आपल्याच कुत्र्याने सैल चेहऱ्याने आपल्याकडे बघत राहणं वेगळं. जपानमधल्या २०१५ च्या अभ्यासात मालक आणि कुत्रं असे एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिले तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं. बाळ आणि आई यांच्यातही हेच संप्रेरक काम करतं. खारी हे सकाळी चहाच्या वेळी करते, जरी मला शंका आहे की त्यातली निम्मी नजर टोस्टवर असते.

ती स्वतः माया कशी दाखवते तेही पाहा. पाठ टेकून बसते, पायावर हनुवटी ठेवते, मी दुसऱ्या खोलीत गेलो की उठून मागे येते आणि तिथे पुन्हा झोपते.

६. हात लावायची पद्धत

आपलं असो वा दुसऱ्याचं, क्रम हाच ठेवा.

१) समोरून येऊ नका. तिरपे उभे राहा किंवा बाजूला वळून खाली बसा. वरून वाकू नका.

२) हात नाकासमोर खुपसू नका. ‘हुंगू दे’ म्हणून मूठ पुढे करायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण कुत्र्याला वास लांबूनही येतो. हात मांडीवर ठेवा आणि त्याला येऊ द्या.

३) आलं नाही तर तेच उत्तर. चुचकारून, खाऊ दाखवून ओढू नका. खाऊसाठी पुढे आलेलं कुत्रं खाऊ संपला की भानावर येतं आणि तेव्हा ते तुमच्या फार जवळ असतं.

४) आलं तर छातीवर, खांद्याच्या बाजूला किंवा शेपटीच्या वरच्या बाजूला हळू खाजवा. डोक्यावर थापट्या नकोत. पंजे, शेपूट, कानाची आतली बाजू परक्याने टाळावी.

५) तीन मोजा आणि हात काढून घ्या. पुढे सरकलं, नाकाने हात ढोसला, अंग टेकलं, तर आणखी करा. जागचं हललं नाही, मान वळवली, जीभ फिरवली, उठून गेलं, तर पुरे.

हा तीन मोजायचा नियम मी पहिल्यांदा करून पाहिला तेव्हा माझा पापड मोडला. मला वाटायचं खारीला माझं कुरवाळणं तासभर चालतं. संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या तिला ते दहा सेकंदही नको असतं, आधी खाली जायचं असतं. रात्री दहानंतर मात्र हात थांबवला की पंजाने ओढते.

गल्लीतल्या कुत्र्यांशीही असंच वागा. फक्त झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नका. अंगावर आलंच तर पळू नका. हात अंगाशी घेऊन थांबा, नजर बाजूला ठेवा, आणि ते थंडावलं की तिरके-तिरके निघा.

७. चावलंच तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कुत्रं घरचं आहे, लस दिलेली आहे, नुसतं खरचटलंय, हे ठरवणं त्यांचं काम. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच धरून चालावं, म्हणून ‘बघू उद्या’ नको. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत, लस दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेच्या आसपास वेगळं इंजेक्शनही लागतं. सरकारी रुग्णालयांत लस मिळते. ठरलेल्या तारखा चुकवू नका, आणि चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा.

त्याला मारू नका. आम्हीही नाही मारलं, पण ते शहाणपणाने नव्हे, सगळे भाचीच्या मागे होतो म्हणून.

८. मुलांशी पुन्हा ओळख

घाई नको. आम्ही सहा महिने दोघींना एका खोलीत मोकळं सोडलं नाही. मुलाला नियम तीनच दिले: मिठी नाही, पलंगाखाली गेली की हाक नाही, तीन मोजून हात काढायचा. आणि मोठं माणूस कायम खोलीत, मोबाईल खिशात ठेवून.

पुढच्या भाऊबीजेला पलंगाखाली बॅगा ठेवल्या नाहीत. भाची जमिनीवर तिरकी बसली. खारी आली, तिचा फ्रॉक हुंगला, खांदा टेकवला. भाचीने छातीवर खाजवलं, मोठ्याने तीन मोजले आणि हात मांडीवर ठेवला. खारीने एकदा जीभ नाकावर फिरवली आणि पलंगाखाली निघून गेली.

“मामा, नको म्हणाली,” भाची म्हणाली आणि चकली घ्यायला उठली.